मायलो गोज टू कॉलेज

'मायलो गोज टू कॉलेज' हा डिसेंडंट्स या अमेरिकन पंक बँडचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम सप्टेंबर १९८२ मध्ये न्यू अलायन्स रेकॉर्ड्सने काढला. १५ गाणी आणि सगळी मिळून सुमारे २२ मिनिटे. सर्वांत लांब गाणे दोन मिनिटांच्या जेमतेम पुढे जाते, तर सर्वांत छोटी ४० सेकंदांच्या आसपास आटोपतात. पुढे ज्याला पॉप-पंक म्हटले जाऊ लागले, त्या पंकचा वेग आणि पॉपची चाल एकत्र आणणाऱ्या संगीताचा साचा बऱ्याच अंशी याच अल्बमने घडवला.

बँड लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडील किनारपट्टीवरचा, म्हणजे हर्मोसा बीच, मॅनहॅटन बीच या भागातला. अल्बमच्या वेळी बँडमध्ये चौघे होते: गायक मायलो ऑकरमन, गिटारवर फ्रँक नवेट्टा, बास गिटारवर टोनी लोंबार्डो आणि ड्रम्सवर बिल स्टीव्हन्सन. तिघे नुकतेच शाळेतून बाहेर पडलेले. लोंबार्डो मात्र तिशी ओलांडलेला, टपाल खात्यात नोकरी करणारा. वयाचे हे अंतर गाण्यांत ऐकू येते, त्याबद्दल पुढे. ध्वनिमुद्रण रेडोंडो बीचच्या टोटल अ‍ॅक्सेस स्टुडिओत झाले. निर्माता होता स्पॉट, ज्याने ब्लॅक फ्लॅग आणि मिनिटमेन या पंक बँडच्याही रेकॉर्डवर काम केले होते.

अल्बमचे नाव ही सरळ बातमी आहे. ऑकरमन जीवशास्त्र शिकण्यासाठी कॉलेजला निघाला होता, म्हणून 'मायलो कॉलेजला चालला'. मुखपृष्ठावर त्याचे रेघांचे व्यंगचित्र आहे: चश्मा, टाय आणि अभ्यासू पोराचा चेहरा. शाळेत त्याला चिडवण्यासाठी काढलेल्या चित्रांवरून ते उतरले आणि आजपर्यंत बँडची खूण बनून राहिले आहे. ऑकरमनने पुढे खरोखर जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९८२ च्या कॅलिफोर्नियात पंक म्हणजे मुंडण, बूट आणि मारामारी असे समीकरण होऊ लागले असताना मुखपृष्ठावर चश्मिस विद्यार्थी ठेवणे ही धाडसाची गोष्ट होती.

संगीताचा गाभा बासमध्ये आहे, आणि अल्बम समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी. हार्डकोरमध्ये, म्हणजे पंकच्या जास्त वेगवान आणि आक्रमक प्रकारात, बास बहुधा गिटारच्या मागे मूळ स्वर धरून चालतो. लोंबार्डो तसे करत नाही. 'मायेज' या पहिल्याच गाण्यात तो एकटा सुरू होतो, आणि गाण्याची ओळख पटते ती त्या धुनेवरून, गिटारवरून नव्हे. नवेट्टाची गिटार कोरडी, खरखरीत आहे. ती स्वरांपेक्षा घाव घालण्याचे काम जास्त करते. स्टीव्हन्सनचे ड्रम्स अतिशय वेगवान, पण गाण्याची वळणे नेमकी दाखवणारे. या सगळ्यावर ऑकरमन ओरडतो, तरी चाल सोडत नाही. वेग हार्डकोरचा आणि चाल साठच्या दशकातल्या पॉपची, अशी ही जोडणी आहे.

म्हणूनच ही गाणी वाजवायला घेणारे बँड ठरावीक ठिकाणी फसतात. गिटारचा गेन (आवाजातली खरखर वाढवणारी पातळी) वाढवला की बासची धून बुडते आणि गाणे नुसता गोंगाट होते. गेन वाटतो त्यापेक्षा कमी ठेवावा आणि बास पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) वाजवावा, म्हणजे प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. बासवादकाने सोय म्हणून फक्त मूळ स्वर धरले तर चालच हरवते. ड्रमर प्रत्येक फिलमध्ये (दोन ओळींना जोडणाऱ्या ड्रम्सच्या छोट्या तुकड्यात) थोडा पुढे पळतो, आणि दीड मिनिटाच्या गाण्यात तेवढी घाई शेवटच्या कडव्यात शब्द तोंडात मावू नयेत इतकी वाढते. सराव मेट्रोनोमवर (ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्रावर) मूळ वेगाच्या साधारण ७० टक्क्यांपासून सुरू करावा आणि थांबे व वळणे चौघांची एकत्र पडू लागल्यावरच वेग वाढवावा. गिटारवादकाचा उजवा हात आखडत असेल तर दोष बहुधा खांद्यातल्या ताणाचा असतो. फटका मनगटातून यायला हवा.

'मायेज', 'टोनीएज', 'बाइकेज' ही शीर्षके परक्या श्रोत्याला कोड्यात टाकतात. मराठीत कोणत्याही शब्दाला 'गिरी' जोडून नवा शब्द पाडावा, तसा शब्दाला इंग्रजी '-एज' (-age) हा प्रत्यय जोडण्याची ही बँडची आपापसातली बोली आहे. 

गाणी चौघांनीही लिहिली आहेत, आणि अल्बमची खरी श्रीमंती तिथे आहे. नवेट्टाचे 'पेरेंट्स' घरातल्या घुसमटीवर सरळ चिडते. ऑकरमनचे 'होप' नाकारलेल्या मुलाचे आहे. तो दुखावलेला आहे, हट्टी आहे, आणि आपले दुःख लपवत नाही. 'कॅटलिना' त्याच नावाच्या बेटाकडे मासेमारीला जाण्याविषयी आहे. लोंबार्डोच्या 'सबर्बन होम'मध्ये उपनगरातले साधे घर हवे असल्याचा धोशा आहे. अनेक जण ते उपहास म्हणून ऐकतात, पण तिशीतल्या नोकरदार माणसाने लिहिलेले आहे हे लक्षात ठेवून ऐकले तर त्यातली ओढ खरी वाटते. 'आय अ‍ॅम नॉट अ पंक' तर पंकच्या गणवेशालाच नकार देते.

श्रोत्यांना हा अल्बम धरून ठेवतो तो यामुळेच. व्यवस्था उलथवण्याच्या घोषणा इथे फारशा नाहीत; आई-बाप, एकतर्फी प्रेम, वर्गातले श्रीमंत टोळके, यांच्यावरचा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा राग आहे. त्या रागाला गुणगुणता येईल अशी चाल मिळाली, हे नवे होते. त्या वयाची कच्ची बाजूही त्यात आहे: 'आय अ‍ॅम नॉट अ लूझर'मध्ये समलिंगी लोकांना उद्देशून वापरलेली शिवी आज खटकते, आणि खटकायलाच हवी.

ऑकरमन शिकायला गेल्यावर स्टीव्हन्सन ब्लॅक फ्लॅगमध्ये ड्रम्स वाजवू लागला. बँड पुन्हा जमला तो १९८५ च्या 'आय डोन्ट वॉन्ट टू ग्रो अप'साठी, मात्र नवेट्टाशिवाय. तो संगीत सोडून ऑरेगनला गेला होता. २००८ मध्ये त्याचे निधन झाले. नव्वदच्या दशकात एनओएफएक्स, ब्लिंक-१८२ अशा कॅलिफोर्नियातल्या बँडनी हीच वाट पुढे नेली. त्यांच्याकडून मागे येणाऱ्या श्रोत्याला या रेकॉर्डचा आवाज सुरुवातीला पातळ आणि खडबडीत वाटतो. अशा वेळी हेडफोन लावून 'मायेज' आणि 'बाइकेज' फक्त बासकडे कान देऊन ऐकावीत, आणि मग पूर्ण अल्बम एका बैठकीत. २२ मिनिटेच तर लागतात.