सौर छतप्रणाली आणि अभियांत्रिकी शिक्षण (सोलापूर)

सौर छतप्रणाली म्हणजे इमारतीच्या गच्चीवर किंवा पत्र्यावर बसवलेली, इन्व्हर्टरमार्फत महावितरणच्या वाहिनीला जोडलेली प्रकाशविद्युत संचरचना. प्रस्तुत नोंदीत सोलापूरच्या हवामानात ती कशी आखतात, कुठे बिघडते आणि तिथल्या अभियांत्रिकी शिक्षणात तिला किती जागा आहे, याचा विचार केला आहे.

सोलापूर शहर सुमारे १७°४०′ उत्तर अक्षांशावर, पर्जन्यछायेच्या पठारी पट्ट्यात आहे. आडव्या पृष्ठभागावर वर्षाची सरासरी धरली तर दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण साडेपाच युनिट इतकी सौरऊर्जा पडते. नीट बसवलेला १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे वर्षाला १,४०० ते १,५०० युनिट वीज देतो. मार्च ते मे हा सर्वाधिक उन्हाचा काळ, पण पॅनेल तापल्यामुळे उन्हाच्या प्रमाणात वीज वाढत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे उत्पादन सर्वात कमी असते.

पॅनेलमधील प्रगती

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. पंधरा वर्षांपूर्वी बाजारात २५० वॉटचे, १५ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेचे पॅनेल मिळत होते. आज ५५० ते ६०० वॉटचे, २१ ते २३ टक्क्यांचे मिळतात. यातली निम्म्याहून थोडी कमी वाढ कार्यक्षमतेची आणि बाकीची निव्वळ आकाराची आहे: जुने पॅनेल १.६ चौरस मीटरचे होते, नवे २.६ चौरस मीटरच्या आसपास असते. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत. अरुंद जिन्यातून वर चढवताना मात्र ते लगेच कळते.

घटाची जात दोनदा बदलली. मागील बाजूला सबंध ॲल्युमिनियमचा थर असलेल्या घटांची जागा ‘पर्क’ घटांनी घेतली. आता ‘टॉपकॉन’ पुढे आहे आणि ‘हेटरोजंक्शन’ महाग असले तरी उपलब्ध आहे. सोलापूरला यातला फरक प्रयोगशाळेतल्या कार्यक्षमतेपेक्षा तापमान-गुणांकात जाणवतो. पॅनेलवर छापलेले वॉट हे घट २५ अंशांवर असतानाचे असतात. हवा ४२ अंश आणि ऊन दर चौरस मीटरला १,००० वॉट असेल तर घट साधारण ७३ अंशांपर्यंत तापतो, म्हणजे ४८ अंश जास्त. पर्क घट दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के शक्ती गमावतो, टॉपकॉन ०.३० आणि हेटरोजंक्शन ०.२५. एप्रिलच्या दुपारी हा तोटा अनुक्रमे १७, १४ आणि १२ टक्के होतो. ५५० वॉटचे पर्क पॅनेल अशा वेळी ४६० वॉटही देत नाही आणि त्यात पॅनेलचा दोष काही नसतो. पत्र्याला चिकटवून बसवले तर हवा खेळत नाही आणि घट आणखी तापतो, म्हणून पत्रा व पॅनेल यांत किमान १० सेंटिमीटर पोकळी ठेवावी.

निव्वळ सिलिकॉनच्या घटाची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के आहे. ती ओलांडण्यासाठी सिलिकॉनवर पेरोव्स्काइट या स्फटिकी पदार्थाचा थर दिलेले जोडघट पुढे आले असून २०२४ मध्ये अशा घटाची ३४.६ टक्के कार्यक्षमता नोंदवली गेली. उष्णता आणि दमटपणा यांपुढे हा थर किती वर्षे तग धरेल, हा प्रश्न सुटेपर्यंत गच्चीवर त्याचा उपयोग नाही.

आखणी: सावली, कल आणि व्होल्टेज

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते १८ अंश कलाने बसवतात. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर ठरवू नये, कारण स्लॅबमधील सळया आणि लोखंडी टाकीचे स्टँड यांमुळे सुई भरकटते. सोलापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या साडेसहा अंश पश्चिमेला असल्याने सूर्य मध्यान्ही साधारण १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास येतो. त्या क्षणी ओळंब्याची सावली उत्तर-दक्षिण पडते, ती खडूने आखून घ्यावी.

‘उत्तरेच्या टाकीची सावली पडत नाही’ हा समज इथे अर्धाच खरा आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सोलापुरात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळी आणि संध्याकाळी तो बराच उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडची पाण्याची टाकी किंवा जिन्याची खोली या काळात पॅनेलवर सावली टाकते. जागा पाहायला माणूस डिसेंबरात आला तर त्याला ती दिसतच नाही.

दोन रांगांमधले अंतर २१-२२ डिसेंबरच्या सकाळी सौरवेळेनुसार नऊच्या, म्हणजे घड्याळात साधारण ९ वाजून २५ मिनिटांच्या, सूर्यावरून काढतात. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर असतो. वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पावणेदोनपट पडते, पण तिरपी पडत असल्याने रांगांमध्ये पॅनेलच्या वरच्या कडेच्या उंचीच्या १.१६ पट मोकळी जागा पुरते. २.२८ मीटर लांबीचे पॅनेल १५ अंशांत उभे बसवले तर कडा ५९ सेंटिमीटर उचलली जाते. मोकळी जागा सुमारे ७० सेंटिमीटर ठेवावी. अर्धे कापलेले घट असलेल्या पॅनेलमध्ये वरचा व खालचा भाग समांतर जोडलेला असतो. अशी पॅनेल उभी बसवली तर खालच्या कडेवरच्या सावलीने निम्मेच उत्पादन जाते, आडवी बसवली तर दोन्ही भाग एकदम सापडतात.

स्ट्रिंगची, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेची, लांबी ठरवताना विद्यार्थी हमखास एक गोष्ट विसरतात: उष्णतेने शक्ती घटते हे त्यांना पाठ असते, थंडीने व्होल्टेज वाढते हे आठवत नाही. ५५० वॉटच्या पॅनेलचे उघडे (भार न जोडता मोजलेले) व्होल्टेज सुमारे ४९.९ असते आणि ते दर अंशाला ०.२७ टक्क्यांनी बदलते. हिवाळ्यात पहाटे १० अंश धरले तर ते ५१.९ होते. ६०० व्होल्ट मर्यादेच्या इन्व्हर्टरला म्हणून १२ नव्हे, ११ पॅनेल जोडावीत. २५ अंशांच्या आकड्यावर ६०० ला ४९.९ ने भाग देऊन १२ पॅनेलचा केलेला संच डिसेंबरातल्या एखाद्या स्वच्छ सकाळी इन्व्हर्टर जाळू शकतो. उलट युरोपातील नमुना गणितातले उणे १० अंश तसेच उचलले तर १,१०० व्होल्टच्या स्ट्रिंगमध्ये २१ ऐवजी २० पॅनेल बसतात आणि मोठ्या शेडवर एकेक स्ट्रिंग उगाच लहान होते.

उभारणी आणि बिघाड

जुन्या सोलापुरातील माळवदाच्या घरांवर सांगाडा रोवताच येत नाही. मातीच्या थरात अँकर धरत नाही आणि वजनी ठोकळे तुळयांवर भार टाकतात. शेजारी स्वतंत्र खांब उभारणे हाच उपाय. यंत्रमागाच्या शेडवर दोन प्रश्न असतात. सिमेंटचे जुने पत्रे पाय दिला की फुटतात, आणि पत्र्याला भोके पाडली की पावसाळ्यात पाणी मागावर गळते. म्हणून सांगाडा पत्र्यावर नाही, पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) धरावा आणि ईपीडीएम रबराचे वॉशर वापरावेत. करवतीच्या दात्यांसारखी जुनी गिरणी-छपरे या कामाला आयती असतात. त्यांच्या काचा उत्तरेकडे आणि बंद उतार दक्षिणेकडे असतो. फक्त पुढच्या दात्याची सावली मोजून घ्यावी लागते. वाऱ्याचा भार आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागानुसार काढतात. वळवाच्या वादळात पॅनेल बहुधा मधल्या रांगेतून न उडता कडेच्या आणि कोपऱ्यातल्या रांगांतून उडते, कारण उचलणारा दाब तिथेच जास्त असतो.

अर्थिंगसाठी तीन वेगळे खड्डे घेतात: वीजरोधकाला (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याला) एक, पॅनेल-सांगाडा व डीसी बाजूला एक, एसी बाजूला एक. रोध ५ ओहमच्या आत हवा. इथली जमीन वर काळी माती, खाली मुरूम आणि मग बेसाल्ट. काळी माती ओली असताना चांगला आकडा देते, उन्हाळ्यात भेगाळली की तोच खड्डा कितीतरी जास्त रोध दाखवतो. ऑगस्टमध्ये मोजून दिलेल्या दाखल्यावर विसंबू नये, एप्रिल-मेमध्ये मोजावे. मोजणी तीन-सळई पद्धतीने करतात. व्होल्टेजची सळई एकूण अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठोकतात आणि ती पुढेमागे सरकवून आकडा स्थिर राहतो का हे पाहतात.

आगीचे मुख्य कारण डीसी जोड हेच असते. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी विझण्याची संधी मिळते. डीसीत ती मिळत नाही. ठिणगी पेटली की पेटतीच राहते. पक्कडीने दाबलेली कनेक्टरची पिन, दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकत्र अडकवणे, डीसी पेटीत एसीचा एमसीबी घालणे ही तिची नेहमीची मुळे. क्रिम्पिंगच्या (पिन नीट दाबून बसवायच्या) औजाराचा खर्च वाचवण्याच्या नादात लाखांचा संच धोक्यात येतो.

धुळीचे प्रकारही स्थानिक आहेत. साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात बगॅसची (जळणाऱ्या चोयट्याची) काजळी येते आणि ती पाण्याने सहज जात नाही. टॉवेल-चादरीच्या शेडजवळ कापसाचे तंतू दवाने काचेला चिकटतात. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने धुतल्यावर पांढरे डाग राहतात आणि वर्षभरात त्यांचा पक्का थर होतो. मऊ पाणी वापरावे, नाहीतर धुतल्याबरोबर रबरी पट्टीने पाणी ओढून घ्यावे. पॅनेल सूर्योदयाआधी धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात, वीज वाहिनीत जाते, व्होल्टेज चढते आणि ते ठरलेल्या मर्यादेबाहेर, म्हणजे २३० च्या ११० टक्क्यांवर, २५३ व्होल्टच्या पुढे गेले की इन्व्हर्टर नियमानुसार दोन सेकंदांत वाहिनीपासून सुटतो. ग्राहक इन्व्हर्टरला दोष देतो. खरा दोष बहुधा मीटरपर्यंतच्या बारीक केबलचा किंवा लांबच्या रोहित्राचा असतो. वीज गेल्यावर संचही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती तरतूद आहे, पण संच विकताना ती सांगितली जात नाही.

घरगुती संचासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि एकूण कमाल ७८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी घटही देशी असलेली पॅनेल लागतात. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे. तिथे बिघाड पॅनेलपेक्षा पंपाच्या निवडीत होतो: सांगोला-मंगळवेढ्याकडच्या खोल बोअरला कमी हेडचा (कमी उंचीपर्यंत पाणी चढवणारा) पंप बसला की जानेवारीत पाणी येते आणि एप्रिलमध्ये पातळी खाली गेल्यावर थांबते.

शिक्षणाची स्थिती

उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे जन्मगाव असलेल्या सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ साली सुरू झाली. शासकीय तंत्रनिकेतन पदविका देते. पंढरपुरात स्वेरीचे महाविद्यालय १९९८ पासून आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती.

वर सांगितलेले बिघाड एका शाखेत मावत नाहीत. सांगाडा आणि वारा स्थापत्यकडे, पंपाचे हेड यांत्रिकीकडे, स्ट्रिंग आणि अर्थिंग विद्युतकडे, इन्व्हर्टरचे आतले काम इलेक्ट्रॉनिक्सकडे. गच्चीवर हे चारही एकाच माणसाला एका दुपारी ठरवावे लागते, आणि कॉलेजमधून असा माणूस बाहेर पडत नाही. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवी १६० श्रेयांकांची आहे. त्यात सौरऊर्जा बहुतेक वेळा विद्युत शाखेच्या एखाद्या ऐच्छिक विषयात येते. २०२४-२५ पासून शाखेगणिक प्रवेशमर्यादा सैल झाली आणि संगणक व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागा वाढल्या. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत या शाखांचे महत्त्व प्रवेशफेरीतच कमी होते, आणि छतप्रणालीला नेमक्या याच शाखा लागतात.

प्रात्यक्षिकाचा नेहमीचा प्रकार म्हणजे हॅलोजन दिव्याखाली तळहाताएवढा घट आणि ऱ्हिओस्टॅट. हॅलोजनच्या प्रकाशात अवरक्त भाग सूर्यप्रकाशापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे घट लवकर तापतो आणि व्होल्टेज-प्रवाहाचा वक्र बघता बघता सरकतो; विद्यार्थी पाठ्यपुस्तकातला वक्र काढून मोकळा होतो. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांत सूर्याचा पाठलाग करणारे दोन अक्षांचे यंत्र दरवर्षी नव्याने जन्म घेते. त्या मोटारी व बेअरिंगच्या पैशांत दोन पॅनेल जास्त बसतात, हा हिशेब प्रकल्प-अहवालात नसतो.

तुलनेने आयटीआयचा एक वर्षाचा सौर तंत्रज्ञ व्यवसाय आणि २०१५ पासूनचा ६०० तासांचा सूर्यमित्र अभ्यासक्रम कामाच्या जवळ जातात. तिथे क्रिम्पिंग, मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) आणि सांगाडा हाताखालून जातो. मात्र स्ट्रिंगचे गणित, वाऱ्याचा भार आणि वाहिनीचे व्होल्टेज त्यांच्या आवाक्याबाहेर राहते.

कॉलेजच्या स्वतःच्या छतावर १० किलोवॅटचा संच असेल तर वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. विद्यार्थ्यांच्या गटाला आधी प्रत्येक स्ट्रिंगचे उघडे व्होल्टेज मोजायला लावावे आणि पॅनेलच्या पाठीमागच्या तापमानावरून अपेक्षित आकडा काढायला सांगावा. एका पॅनेलइतका, म्हणजे ४० ते ५० व्होल्टचा फरक असेल तर एक पॅनेल जोडायचे राहिलेले किंवा पॅनेल मोजण्यात चूक. त्याच्या एक-तृतीयांशाइतका असेल तर बायपास डायोड (सावलीतल्या घटांना वळसा देणारा भाग) गेलेला. मग स्ट्रिंग वेगळी करून १,००० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासावे. १ मेगाओहमच्या खाली आले तर पुढे जाऊ नये. दुपारी भार चालू असताना कनेक्टरवर थर्मल कॅमेरा फिरवावा. शेजारच्या जोडापेक्षा १०-१५ अंश जास्त तापलेला जोड खुणेने वेगळा काढावा. शेवटी उत्पादनाचे गुणोत्तर: ऊनमापीने पॅनेलच्या कलात ६.२ युनिट दाखवले आणि १० किलोवॅटच्या संचाने ४७ युनिट दिली, तर अपेक्षित ६२ पैकी ४७, म्हणजे ते ०.७६. हाच आकडा धुण्याच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काढला की काजळीचा वाटा कळतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये धूळ-घटीसाठी आधीच भरलेला आकडा सोलापूरसाठी किती बदलायचा तेही ठरते.