इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही दिसतात, मग काढायचं कुठलं?

लग्नाचं शूटिंग करणारा देवगडकडचा एक मुलगा ऐन सीझनमध्ये लॅपटॉप घेऊन कुडाळला माझ्याकडे आला. स्क्रीनवरची अक्षरं फुगलेली, ब्राइटनेसची पट्टी गायब, एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की लगेच बंद. काय केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, "दोन दोन ग्राफिक्स कशाक होयेत? एक काढून टाकलंय." ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादी चिप चालवता यावी म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. त्याने इंटेलच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर काढला होता आणि एनव्हिडियाचा ठेवला होता. पैसे एनव्हिडियासाठी मोजले, म्हणजे इंटेलचं ते जास्तीचं, असा त्याचा हिशोब.

असे लॅपटॉप माझ्याकडे सारखे येतात. कुठल्यातरी व्हिडिओत "डुप्लिकेट ड्रायव्हर काढा, स्पीड वाढवा" असं सांगितलेलं असतं आणि लोक विश्वास ठेवतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

प्रोग्रॅम अनइन्स्टॉल कसा करायचा ते तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. अडतं ते त्याच्या आधी. यादीतल्या दोन नोंदी सारख्या दिसल्या की त्या एकाच वस्तूच्या दोन प्रती आहेत, असं आपण धरून चालतो. ड्रायव्हरच्या बाबतीत आधी वस्तू मोजायची असते, नोंदी नंतर. दोन चिप असतील तर दोन ड्रायव्हर हवेतच. चिप एक आणि ड्रायव्हर दोन असतील, किंवा ड्रायव्हर आहे पण त्याची चिप मशीनमध्ये उरलेलीच नाही, तरच काढण्याचा विचार करायचा.

आजच्या बहुतेक गेमिंगच्या आणि एडिटिंगच्या लॅपटॉपमध्ये चिप खरोखरच दोन असतात. एक प्रोसेसरच्या पोटातली, इंटेलची किंवा एएमडीची. दुसरी वेगळी बसवलेली, बहुतेक वेळा एनव्हिडियाची. लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की लॅपटॉपच्या स्क्रीनची तार साधारणपणे पहिल्या, छोट्या चिपला जोडलेली असते. एनव्हिडियाने २०१० साली ऑप्टिमस नावाने जी व्यवस्था आणली, तिच्यात मोठं कार्ड, म्हणजे ती वेगळी बसवलेली चिप, चित्र तयार करतं, ते छोट्या चिपच्या हवाली करतं आणि छोटी चिप ते स्क्रीनवर उतरवते. काम हलकं असेल तर मोठं कार्ड झोपून राहतं आणि बॅटरी वाचते.

आपल्याकडे ज्या बंदरात जेटीपाशी पुरेसं पाणी नसतं, तिथे ट्रॉलर आत खोल पाण्यात नांगर टाकून उभा राहतो आणि छोटी होडी मासळी काठाला आणते. ट्रॉलर घेतला म्हणून कोणी होडी विकून टाकली, तर टनभर मासळी पकडूनही ती लिलावाला पोचायची नाही. त्या मुलाने नेमकी होडी विकली होती. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडायला गेलो, तर एनव्हिडियाला जोडलेला डिस्प्लेच तुम्ही वापरत नाही, असा मेसेज आला. कार्ड शाबूत होतं, त्याचा ड्रायव्हरही शाबूत होता. फक्त स्क्रीनकडे जायची वाट विंडोजच्या साध्या, कामचलाऊ बेसिक डिस्प्ले अडॅप्टरच्या हातात गेली होती.

"मी काढला होता, मला काही झालं नाही," असं सांगणारेही भेटतात. त्यांचं नेट चालू होतं आणि विंडोज अपडेटने तो ड्रायव्हर गुपचूप परत आणून बसवला, एवढंच. त्यांच्या अनुभवावरून दुसऱ्याला सल्ला देऊ नये.

ती छोटी चिप नुसती होडीही नाही. लग्नाच्या शूटिंगला आता जे कॅमेरे वापरतात, त्यातले बरेचसे ४:२:२, १० बिट असा, म्हणजे रंगांचा जास्त तपशील साठवणारा व्हिडिओ देतात. यातला एचईव्हीसी (एच.२६५) पद्धतीने दाबून साठवलेला व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉप चिपमध्ये आहे. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांत ती थेट २०२५ मधल्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. म्हणजे मधली काही वर्षं लाखभराच्या लॅपटॉपमध्ये टाइमलाइन गुळगुळीत फिरवायचं काम ते "जास्तीचं" इंटेलच करत होतं, अर्थात एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्याचा उपयोग करून घेत असेल तर. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल थेट कार्डाला लावलेली असली, तरी याच कारणासाठी मी इंटेलचा ड्रायव्हर ठेवायला सांगतो. मात्र इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी नुसतं एफ असेल, तर त्यात ग्राफिक्स चिपच नसते. तिथे हा प्रश्न येत नाही.

तर मोजायचं कसं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. जीपीयू ० आणि जीपीयू १ अशा दोन ओळी दिसल्या, त्यांवर दोन वेगळी नावं असली, की विषय संपला. दोन चिप, दोन ड्रायव्हर, काहीही काढू नका. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये स्क्रीन थेट एनव्हिडियाला जोडायचा स्विच असतो. तो तसा टाकलेला असेल तर इंटेलचं नाव तिथून नाहीसं होऊ शकतं. तेव्हाही इंटेलचा ड्रायव्हर काढू नका. स्विच परत फिरवलात की तो लागेल.

आता खरंच काढायच्या गोष्टीकडे येतो. डेस्कटॉपवर आधी एएमडीचं रेडिऑन कार्ड होतं, ते काढून एनव्हिडियाचं बसवलं, आणि रेडिऑनचं सॉफ्टवेअर तसंच राहिलं. ते जायला हवं. डिव्हाइस मॅनेजर उघडून व्ह्यूमधून लपलेली डिव्हाइस दाखवायला सांगा. डिस्प्ले अडॅप्टरखाली जुन्या कार्डाचं नाव फिकट झालेलं दिसेल. फिकट नाव म्हणजे जे डिव्हाइस आत्ता जोडलेलं नाही. पण वर सांगितलेल्या स्विचच्या लॅपटॉपमध्ये इंटेलही असंच फिकट दिसू शकतं. म्हणून आपण स्वतः कार्ड बदललंय का, हे आधी आठवून पाहा. प्रोसेसरही एएमडीचा असेल आणि त्याच्या पोटात ग्राफिक्स असेल, तर एएमडीचा ड्रायव्हर अजून कामात आहे, त्याला हात लावू नका.

दुसरा प्रकार, एकाच कार्डाच्या ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्या. विंडोज त्या ड्रायव्हरस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये साठवते, नवीन आवृत्ती बिघडली तर मागे जाता यावं म्हणून. त्या नुसत्या डिस्कवर पडून असतात, चालत नाहीत, मशीन मंद करत नाहीत. एकेक फोल्डर जीबीच्या घरात जातो, त्यामुळे १२८ किंवा २५६ जीबीची डिस्क असेल तर साफ करायला हरकत नाही. पण डिस्क क्लीनअपमधून करा, तिथे ड्रायव्हर पॅकेजची वेगळी नोंद असते. फोल्डरमध्ये शिरून हाताने डिलीट करू नका. तिथे एनव्हिडियाच्या फोल्डरच्या नावातही एएमडी६४ अशी अक्षरं असतात, इंटेलच्याही असतात. ही एएमडीच्या कार्डाची खूण नव्हे. पीसीचे ६४ बिट प्रोसेसर ज्या रचनेवर चालतात ती एएमडीने तयार केली, तिचे पहिले प्रोसेसर २००३ साली बाजारात आले, आणि ते नाव तिथे तेव्हापासून चिकटलंय. "एएमडीचं कार्ड तर कधीच काढलं" म्हणत सगळे एएमडी६४ फोल्डर उडवलेलं मशीन मी पाहिलंय. त्यावर नवीन विंडोजच टाकावी लागली.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल, जीफोर्स एक्सपिरियन्स आणि २०२४ अखेर त्याच्या जागी आलेलं एनव्हिडिया अ‍ॅप ही ड्रायव्हरची सेटिंग्ज आणि अपडेट सांभाळणारी खिडकी आहे, ड्रायव्हर नाही. जीफोर्स एक्सपिरियन्स खुशाल काढा, मी तर काढतोच. एनव्हिडियाचा एचडी ऑडिओ ड्रायव्हर मात्र रिअलटेकची, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या साउंड चिपच्या ड्रायव्हरची, डुप्लिकेट समजू नका. कार्डाच्या एचडीएमआयमधून टीव्हीला जाणारा आवाज त्याच्यामुळे जातो. गणपतीत घरातल्या मोठ्या टीव्हीवर आरती लावायला जावं आणि चित्र येऊन आवाज येऊ नये, याचं कारण मला दोनदा हेच सापडलंय.

कार्ड बदलल्यावर मागे राहिलेलं काढायचं असेल, तर नवीन ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा आणि मग नेट बंद करा. एएमडीची स्वतःची क्लीनअप युटिलिटी आहे. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये कस्टम निवडलं की क्लीन इन्स्टॉलचा चौकोन मिळतो, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. त्यानेही भागलं नाही तरच डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू हे वेगळं सॉफ्टवेअर, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर सुरू करून) चालवा. सेफ मोडला जाताना बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, ती आधी कागदावर उतरवून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट" म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर ठेवत नाही. लॅपटॉपसाठी ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरूनच घ्यावा, निदान इंटेलचा तरी.

देवगडच्या मुलाचं काम तेवढ्यानेच झालं. त्याच्या मॉडेलच्या पानावरून इंटेलचा ड्रायव्हर उतरवला, बसवला, रीस्टार्ट केला. ब्राइटनेसची पट्टी परत आली आणि प्रोजेक्ट उघडला. पावसाळ्यात हे काम डेस्कटॉपवर करणार असाल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका. मध्येच लाइट गेली आणि परत आल्यावर स्क्रीन फुगलेली दिसली, तर घाबरू नका, तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा.