दरमहा तुटीचा आकडा आला कुठून?

महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी केंद्राच्या महालेखा नियंत्रकांच्या संकेतस्थळावर एक तक्ता येतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ छापून येते : वित्तीय तूट वार्षिक लक्ष्याच्या अमुक टक्क्यांवर. तक्ता असतो एक महिना मागचा, म्हणजे ऑगस्टअखेर येतो तो जुलैपर्यंतचा. शिवाय त्यातले आकडे एप्रिलपासूनच्या बेरजेचे असतात. एकट्या जुलैत किती खर्च झाला हे हवे असेल, तर जूनचा तक्ता काढून वजाबाकी आपली आपण करायची. बातमीत हा फरक बऱ्याचदा गळून पडतो.

हा तक्ता आज इतका सवयीचा झाला आहे की सरकार पहिल्यापासून दरमहा हिशेब मांडत असेल, असे वाटावे. अर्थसंकल्पाची प्रथा जुनी आहे, १८६० ची. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीचे गणित मांडायला व्हाइसरॉयच्या मंडळातले वित्त सदस्य जेम्स विल्सन कलकत्त्यात आले, त्यांनी प्राप्तिकर आणला आणि त्याच वर्षी तिथेच ते वारले. पण अर्थसंकल्प म्हणजे वर्षाचा अंदाज. वर्ष चालू असताना पैसा कुठे चालला आहे, हे लोकांसमोर ठेवायची सवय पुष्कळ उशिरा लागली.

पहिली अडचण होती वही कोणी लिहायची ही. १९७६ पर्यंत केंद्राचे बहुतेक मुलकी हिशेब लिहायचे आणि तपासायचेही काम एकाच यंत्रणेकडे, म्हणजे कॅगच्या (देशाचे महालेखापरीक्षक) हाताखालच्या कार्यालयांकडे होते. मंत्रालय खर्च करणार, हिशेब दुसरीकडे जमणार. आपण किती खर्च केला हे खात्याला स्वतःच्याच वहीतून कळत नसे. ऑक्टोबर १९७५ मध्ये अर्थ मंत्रालयात महालेखा नियंत्रकांचे कार्यालय निघाले आणि एप्रिल १९७६ पासून टप्प्याटप्प्याने हिशेब मंत्रालयांकडे आले. प्रत्येक मंत्रालयाला आपले वेतन व लेखा कार्यालय मिळाले, कॅगकडे तपासणी राहिली. दरमहा आकडा निघू शकतो तो या विभागणीमुळे. कारभाराच्या इतिहासात ही गोष्ट एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. माझ्या मते १९९१ च्या अर्थसंकल्पाइतकीच ती मोठी आहे.

दुसरी अडचण अधिक चिवट होती. तूट म्हणायचे कशाला? १९५५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक व्यवस्था ठरली. बँकेतल्या खात्यात शुक्रवारी किमान ५० कोटी आणि इतर दिवशी किमान ४ कोटी रुपये शिल्लक हवी. ती खाली गेली की ९१ दिवसांची ॲड हॉक ट्रेझरी बिले (सरकारचे अल्पमुदतीचे कर्जरोखे) आपोआप निघत आणि त्यांवर बँक पैसे देई. कोणाची परवानगी नको, बाजारात जायला नको. जुलै १९७४ पासून त्यांचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर जो थांबला तो शेवटपर्यंत हलला नाही. थोडक्यात, खाते रिकामे झाले की नोट छापली जायची. तात्पुरती म्हणून आलेली ही सोय चार दशके टिकली.

त्या काळी जी ‘अर्थसंकल्पी तूट’ जाहीर होई, ती मुख्यतः ही बिले आणि शिलकीतली घट एवढ्यापुरतीच. बाजारातून उचललेले कर्ज जमेच्या बाजूला बसायचे. घरखर्चासाठी कर्ज काढून ते उत्पन्नात धरावे, तसाच हा प्रकार. १९८५ मध्ये सुखमय चक्रवर्ती समितीने या व्याख्येवर बोट ठेवले, पण ती पुढे बारा वर्षे तग धरून राहिली. २४ जुलै १९९१ च्या भाषणात अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी १९९०-९१ ची वित्तीय तूट जीडीपीच्या ८ टक्क्यांहून अधिक असल्याचे सांगितले तेव्हा मापच बदलले होते. कर्ज सोडून बाकीची जमा खर्चातून वजा करा, उरेल ती तूट. सप्टेंबर १९९४ मध्ये ॲड हॉक बिले टप्प्याने थांबवण्याचा करार झाला, १ एप्रिल १९९७ पासून त्यांच्या जागी मर्यादा घातलेली वेज अँड मीन्स उचल, म्हणजे बँकेकडून तात्पुरती उसनवारी, आली आणि जुनी ‘अर्थसंकल्पी तूट’ कागदपत्रांतून गेली.

महिन्याच्या तारखेचे बंधन मात्र बाहेरून आले. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचा पेसो कोसळला. गुंतवणूकदारांना त्या देशाची खरी स्थिती वेळेवर कळलीच नव्हती, अशी ओरड झाली. त्यावर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९९६ मध्ये आकडेवारी प्रसिद्ध करण्याचे एक मानक आणले. केंद्र सरकारचा जमाखर्च दरमहा, महिन्याभराच्या आत, आधी जाहीर केलेल्या तारखेला, अशी त्यात अट होती. डिसेंबर १९९६ मध्ये भारत त्यात सामील झाला. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने (एफआरबीएम) तुटीला जीडीपीच्या ३ टक्क्यांचे लक्ष्य दिले. ते कितीदा पुढे ढकलले गेले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता तक्ता वाचण्याविषयी. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२०, या तिन्ही वर्षी नोव्हेंबरअखेरच तूट वार्षिक लक्ष्याच्या शंभर टक्क्यांपलीकडे गेली होती आणि दर वेळी मथळे घाबरवणारे होते. त्यात घाबरण्यासारखे फारसे नसते. पगार, निवृत्तिवेतन, व्याज यांना महिना चुकत नाही, कर मात्र हप्त्यांनी येतो. अग्रिम कराच्या तारखा जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ च्या. राज्यांना कराचा वाटा वर्षात चौदा हप्त्यांनी जातो, त्यामुळे ज्या महिन्यात दोन हप्ते पडतात त्या महिन्यात केंद्राकडे उरणारा कर एकदम आटलेला दिसतो.

उलटा प्रकार २०२५ मध्ये दिसला. एप्रिलअखेर तूट लक्ष्याच्या ११.९ टक्के होती, मेअखेर ती ०.८ टक्क्यावर, म्हणजे १३,१६३ कोटींवर आली. काटकसरीचा यात फारसा हात नव्हता. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने २.६९ लाख कोटींचा वाढावा, म्हणजे खर्च भागून उरलेली कमाई, सरकारला दिला होता. केंद्राचे मुख्य खाते बँकेच्या नागपूरच्या केंद्रीय लेखा विभागात असते. तिथे एक नोंद पडली आणि देशाच्या तुटीचे चित्र पालटले.

हा हिशेब रोखीचा आहे, हेही विसरता कामा नये. बिल आले पण पैसे दिले नाहीत, तर तक्त्यात खर्च शून्य. रेशनचे धान्य खरेदी करणाऱ्या अन्न महामंडळाच्या अनुदानाचे अनेक वर्षे असेच झाले. सरकारने द्यायची रक्कम महामंडळ राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज काढून भागवत राहिले आणि दरमहाच्या तक्त्यात तिचा मागमूस नसे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ही प्रथा बंद केल्याचे जाहीर झाले. मागची थकबाकी हिशेबात आल्याने २०२०-२१ ची तूट कोविडने फुगली होती त्याहून जास्त फुगली. त्या वर्षीचा आकडा जीडीपीच्या ९.२ टक्के. २०२४-२५ साली तो ४.८ वर आला.

एका महिन्याचा तक्ता तेवढा उशिरा येतो, तो मार्चचा. मार्चएंडची घाई जगजाहीर आहे. खात्यांनी शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांहून आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च करू नये, असे बंधन घालूनही बिले तुंबतातच. ती निस्तरून वर्षाचा अलेखापरीक्षित हिशेब मेअखेर येतो. २०२६-२७ पासून सरकारने मुख्य लक्ष्य कर्ज आणि जीडीपी यांच्या प्रमाणाचे ठेवले आहे, ३१ मार्च २०३१ पर्यंत ५० टक्के, एक टक्का इकडे-तिकडे. हे प्रमाण महिन्याच्या तक्त्यातून काढता येत नाही, कारण भागायचा जीडीपी दरमहा निघत नाही. तुटीची ओळ मात्र तक्त्यात पूर्वीसारखीच छापून येईल.