ओळख संचालकाची, टोकन आमच्या कपाटात

म्हापशातल्या आमच्या सीए ऑफिसात इंग्लंडमधल्या स्विंडनहून फोन येणं नवं नाही. गोव्याच्या बार्देश, सालसेत तालुक्यांतली कितीतरी माणसं पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला गेली. आधी गोदामात, हॉस्पिटलात नोकरी केली आणि पुढं काहींनी साफसफाईची किंवा मालवाहतुकीची छोटी लिमिटेड कंपनी काढली. तिकडचे हिशेब तिकडचा अकाउंटंट पाहतो. गावातलं घर, त्याचं भाडं, भावासोबतची इथली प्रायव्हेट लिमिटेड मात्र आमच्याकडं असते. अलीकडं या फोनांवर एकच विचारणा असते. "तिकडच्या कंपनी रजिस्टरला माझी ओळख पटवून द्यायची आहे. तुम्ही मला लहानपणापासून पाहताय, एक सर्टिफिकेट द्या ना."

आम्हाला ते देता येत नाही, आणि त्यामागची हकीगत बरीच जुनी आहे.

ब्रिटनमध्ये कंपन्यांची सरकारी नोंद 1844 च्या कायद्यानं सुरू झाली. तेव्हापासून तिथल्या निबंधकाचं काम आलेला कागद स्वीकारून नोंदवायचं, एवढंच राहिलं. कागदावरचं नाव खरं आहे का, त्या नावाचा माणूस जिवंत आहे का, हे तपासायचा अधिकारच त्याला नव्हता. ऑनलाइन कंपनी काढायला 12 पौंड लागत आणि ओळखपत्र कुणी मागत नसे. 2018 मध्ये तिथं एका माणसाला दंड झाला. त्यानं एका माजी मंत्र्याचं नाव, त्याच्या संमतीशिवाय, संचालक म्हणून नोंदवलं होतं. व्यवस्था किती ढिली आहे हे दाखवायचा आपला हेतू होता, असं त्याचं म्हणणं.

2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि लंडनमधल्या घरांमागं, कंपन्यांमागं कुणाचा पैसा आहे हा प्रश्न ब्रिटिश संसदेत तातडीचा झाला. त्याच वर्षी आर्थिक गुन्ह्यांविरुद्धचा पहिला कायदा आला आणि 26 ऑक्टोबर 2023 ला दुसरा, मोठा कायदा मंजूर झाला. मार्च 2024 पासून निबंधकाला शंका विचारायचा आणि नोंद नाकारायचा अधिकार मिळाला. 8 एप्रिल 2025 पासून ओळखपडताळणी ऐच्छिक होती, 18 नोव्हेंबर 2025 पासून ती सक्तीची झाली. नव्या संचालकाला नेमणुकीआधी आणि जुन्याला पुढच्या वर्षभरात, कंपनीचं वार्षिक विवरण भरताना, ती पूर्ण करावी लागते. कंपनीवर ताबा असलेल्या मोठ्या भागधारकांनाही ती लागू आहे. पडताळणी झाली की 11 अक्षर-आकड्यांचा वैयक्तिक कोड मिळतो.

ओळख पटवायचे रस्ते मोजके आहेत. सरकारच्या ऑनलाइन सेवेतून स्वतः करायची, ब्रिटनमध्ये राहत असाल तर पोस्ट ऑफिसात जाऊन पुरी करायची, किंवा निबंधकाकडं नोंदलेल्या अधिकृत एजंटाकडून करून घ्यायची. तो एजंट ब्रिटनच्या मनी लाँडरिंग कायद्याखाली देखरेखीत असावा लागतो. म्हापशाचा सीए त्यात बसत नाही, त्याची कितीही पिढ्यांची ओळख असली तरी.

एकाच घरात यामुळं काय होतं ते पाहा. पोर्तुगीज पासपोर्टात चिप असते, म्हणून थोरल्या भावाचं काम मोबाइल अ‍ॅपवर काही मिनिटांत होतं. गावात राहणारी वहिनी त्याच कंपनीत संचालक, पण तिचा भारतीय पासपोर्ट जुन्या पद्धतीचा, चिप नसलेला. अ‍ॅप तो वाचू शकत नाही, तिला एजंट गाठावा लागतो. भारतानं 2024 मध्ये चिपवाले ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या टप्प्यातल्या पासपोर्ट कार्यालयांत गोवा होतं. तरी हातातल्या पासपोर्टाची मुदत संपेपर्यंत लोक तोच वापरतात.

ही कसरत आमच्या धंद्यातल्या माणसांनी आधीच केलेली आहे. भारतानं ओळखीची सक्ती ब्रिटनच्या कितीतरी आधी आणली. 1956 च्या कंपनी कायद्यात संचालकाची ओळख म्हणजे फॉर्म 32 वर लिहिलेलं नाव, बापाचं नाव आणि पत्ता. नव्वदच्या दशकात शेअर बाजाराला भरती आली, लोकांकडून पैसे गोळा करून कंपन्या गायब झाल्या, आणि त्यांचे संचालक शोधायला गेलं तर एकाच नावाचे दहा निघत, नाहीतर दिलेल्या पत्त्यावर कुणीच नसे. त्या अनुभवातून 2006 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि प्रत्येक संचालकाला जन्मभरासाठी एक क्रमांक मिळाला, तो डीआयएन. त्याच सुमाराला केंद्राच्या कंपनी खात्याचं एमसीए 21 पोर्टल आलं, फाइलिंग ऑनलाइन झालं, डिजिटल सहीचं टोकन आलं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं.

आणि इथंच आमच्याकडून चूक झाली. गोव्यातले बहुतेक छोटे संचालक म्हणजे हॉटेलवाले, बार्जवाले, बिल्डर, काजू कारखानदार. त्यांना पासवर्ड, टोकन यांत रस नव्हता. "तुम्हीच बघा," म्हणत आणि आम्ही बघत होतो. पोर्टलवर ई-मेल आमचा, मोबाइल नंबर आमच्या सीनिअर आर्टिकलचा, म्हणजे सीए व्हायला शिकणाऱ्या उमेदवाराचा. कपाटातल्या एका प्लास्टिकच्या डब्यात टोकनं, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलेलं नाव आणि पासवर्ड. सोय होती, विश्वास होता, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण डीआयएन ज्या माणसाला शोधायला काढला होता, तो माणूस रजिस्टरमध्ये कुठंच नव्हता. त्याच्या जागी आमचं ऑफिस उभं होतं.

सप्टेंबर 2017 मध्ये केंद्र सरकारनं 2 लाख 9 हजारांवर कंपन्यांची नावं रजिस्टरमधून काढली आणि तीन वर्षं विवरणं न भरलेल्या कंपन्यांचे लाखो संचालक अपात्र ठरवले. पुढच्या वर्षी जुलैत नियम 12अ आला. ज्याच्याकडं डीआयएन आहे त्यानं केवायसी करायची, आणि तीही स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या ई-मेलवर आलेला ओटीपी टाकून. एक नंबर दहा जणांना चालणार नव्हता. वर सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र.

मुदत आधी 31 ऑगस्ट होती, ती वाढून 15 सप्टेंबर 2018 झाली. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, 13 सप्टेंबरला होती. गोव्यात चवथीला ऑफिस उघडं ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आम्ही तिघं जण गणपतीवरच्या माटोळीखालून उठून ऑफिसात आलो. एक संचालक तारवावर, म्हणजे जहाजावर नोकरीला होता, त्याचा ओटीपी घरी ठेवलेल्या सिमवर येत होता, आणि त्याची आई आकडे फोनवर वाचून दाखवेपर्यंत त्याची वेळ संपत होती. चौथ्या खेपेला जमलं. सगळ्यांचं जमलं नाही. पुढं काही दिवस 500 रुपये आणि 5 ऑक्टोबरनंतर 5,000 रुपये भरून बंद पडलेले डीआयएन चालू करावे लागले. 2019 मध्ये कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा बाहेरून आणि आतून फोटो मागितला, आतल्या फोटोत निदान एक संचालक दिसायला हवा होता. वर्षाकाठी होणारी ही केवायसी आता तीन वर्षांतून एकदा करायची, असा बदल 2025 च्या शेवटी जाहीर झाला.

गोव्यात या कामाचा खरा वेळ जातो तो नावात. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत ‘के’ अक्षर जवळपास नसायचंच. नाईकाच्या शेवटी क्यू-यू-ई, कामताच्या सुरुवातीला सी, प्रभूचा ‘पोरोबो’, शेणव्याचा ‘सिनाय’ आणि त्यापुढं गावाचं नाव. 1961 नंतर शाळेत मास्तरांनी ते मराठी उच्चाराप्रमाणं लिहिलं. पॅन काढताना एजंटानं गावाचं नाव गाळलं, आधारच्या शिबिरात ऑपरेटरनं बापाचं नाव मध्ये घातलं. माणूस एक, स्पेलिंगं चार. लिस्बनला जन्मनोंद करून ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं त्यांच्या पासपोर्टावर जुनं स्पेलिंग परत आलं, आणि इथल्या डीआयएनवर नवंच राहिलं. नाव रीतसर बदलायला गोव्याचा 1990 चा स्वतंत्र कायदा आहे, पण पुष्कळांनी नाव बदललेलंच नसतं. ते फक्त दर वेळी वेगळं लिहिलं गेलेलं असतं, आणि त्याच्यासाठी प्रतिज्ञापत्रांची चळत लागते.

पूर्वी असे फरक आम्ही "एकच माणूस आहे, मी ओळखतो" म्हणून सोडून देत होतो. आता तसं करता येत नाही. कंपनी कायद्यात खोटं विधान करणाऱ्यावर फसवणुकीचं कलम 447 लागू शकतं, त्यात 10 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि प्रमाणपत्रावर सही आमची असते. मे 2023 मध्ये केंद्रानं दोन अधिसूचना काढल्या. ग्राहकाच्या वतीनं ठरावीक आर्थिक व्यवहार करणारे सीए, तसंच कंपनी काढून देणारे, तिला पत्ता पुरवणारे, दुसऱ्यासाठी संचालक म्हणून बसणारे किंवा बसवणारे, हे सगळे मनी लाँडरिंग कायद्याखाली आले. पणजीच्या पाटोवरच्या एखाद्या फ्लॅटचा पत्ता पाच कंपन्यांना देणं ही पूर्वी मैत्री समजली जायची. आता धंदा म्हणून तसा पत्ता देणाऱ्याला नोंदी ठेवाव्या लागतात आणि संशय आला तर कळवावं लागतं.

म्हणून स्विंडनच्या फोनाला आम्ही आता सर्टिफिकेट देत नाही, यादी देतो. पासपोर्टाची मुदत आणि चिप पाहा. पासपोर्टावरचं नाव आणि तिकडच्या रजिस्टरमधलं नाव अक्षर अक्षर जुळवा. वार्षिक विवरणाची तारीख कळवा. कोड मिळाला की तो स्वतःजवळ ठेवा आणि ज्या अकाउंटंटला फाइलिंगसाठी हवा त्यालाच सांगा. आमच्याकडं ठेवायला पाठवू नका.

इथल्या क्लायंटांची टोकनं आम्ही या वर्षी परत करायला घेतली. डब्यात सदतीस निघाली. सात जणांना आपलं टोकन असतं हेच माहीत नव्हतं. दोघं वारले होते आणि कंपनीच्या नोंदीत अजून संचालक होते. त्यातल्या एकाच्या मुलाला फोन केला, तो म्हणाला, "बाबांची सही अजून चालते?" त्यांचं नाव कमी करायचं फाइलिंग त्याच दुपारी, मुलाच्या स्वतःच्या टोकनानं केलं.