फायनल आउटपुटला देण्याआधी प्रोजेक्ट असा तयार करा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, वडोदरा

लग्नसराईत आणि नवरात्र उरकल्यावर आमच्याकडे एकच काम सगळ्यात जास्त येतं: व्हिडिओचं एडिटिंग तुमचं झालेलं असतं, फायनल फाइल तेवढी आम्ही काढून द्यायची. त्यात रेंडर (एडिटची अखंड व्हिडिओ फाइल तयार होणं) मध्येच थांबला, आवाज पुढेमागे झाला, नावं बिघडली, तर कारण बहुतेक वेळा प्रोजेक्टमध्येच सापडतं. ते तुमच्याच कॉम्प्युटरवर आधी काढून टाकलंत, तर तुमच्या ग्राहकाला दिलेली तारीख चुकत नाही.

फक्त प्रोजेक्ट फाइल आणू नका. तिच्यात व्हिडिओ नसतो. कुठली क्लिप कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि कुठे कापली आहे, एवढीच नोंद असते. एडिटिंग प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये केलं असेल तर ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ने सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करा, दा विंची रिझॉल्व्हमध्ये केलं असेल तर ‘प्रोजेक्ट अर्काइव्ह’ काढा. सॉफ्टवेअरची आवृत्तीही सांगा; नव्या आवृत्तीतला प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही.

इथे एक गोष्ट फार नडते. दोन सोनी कॅमेरे असले की दोन्हींच्या कार्डात ‘सी०००१’ नावाची क्लिप असू शकते. सगळं एकाच ठिकाणी ओतलं आणि आमच्याकडे प्रोजेक्टला क्लिपा पुन्हा जोडून द्यायची (लिंक करायची) वेळ आली, की सप्तपदीच्या जागी हळदीचा शॉट येऊन बसतो, आणि सॉफ्टवेअर काही तक्रारही करत नाही. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचं, प्रत्येक कार्डाचं फोल्डर पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. एडिट सुरू झाल्यावर क्लिपांची नावं बदलू नका.

मोबाईलचं शूटिंग. मोबाईल बऱ्याचदा कमीजास्त फ्रेम रेटने, म्हणजे सेकंदाला कमीजास्त चित्रं (फ्रेम) घेत, रेकॉर्ड करतो. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटमध्ये क्लिपा ओळीने लावतो त्या पट्टीवर, सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले दिसतात, पण लांबलचक भाषणात किंवा मंगलाष्टकांत ते हळूहळू सुटत जातात. अशा क्लिपा एडिटला घेण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट (कायम एकसारखा) फ्रेम रेट’ ठेवून काढून घ्या. कॅमेरे २५ फ्रेमवर आणि मोबाईल ३० वर असेल, तर २५ च्या टाइमलाइनवर मोबाईलच्या काही फ्रेम गळतात. बसून बोलणाऱ्या माणसात ते कळत नाही. गरब्याच्या फेरीत मात्र झटके स्पष्ट दिसतात. आयफोनमध्ये ‘पाल फॉरमॅट’ सुरू केला की २५ चा पर्याय मिळतो. तो शूटिंगच्या दिवशीच निवडणं उत्तम.

नावं आणि टायटल. आपल्याकडे एकाच व्हिडिओत मराठी आणि गुजराती, दोन्ही लिप्या असतात, त्यामुळे आम्ही याबद्दल जरा जास्तच आग्रही आहोत. युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर अक्षरं तीच राहतात ती पद्धत) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं ‘चि. सौ. कां.’ तो फॉन्ट आमच्या मशीनवर नसेल तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होऊन येतं. युनिकोड फॉन्ट वापरा आणि त्याची फाइलही सोबत द्या. प्रीमियरच्या जुन्या आवृत्त्यांत ‘शि’ची वेलांटी अक्षरानंतर गेलेली किंवा जोडाक्षर सुटलेलं दिसलं, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगला जाऊन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडा. सगळ्यात निर्धास्त उपाय म्हणजे टायटल पारदर्शक पीएनजी (चित्राची फाइल) करून लावणं. नवरा-नवरीचं नाव चुकलेलं कोणत्याही घराला चालत नाही.

जड भाग. एकाच क्लिपवर स्टॅबिलायझेशन (हलणं कमी करणं), नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणं) आणि स्लो मोशन असेल, तर तेवढा तुकडा ‘रेंडर अँड रिप्लेस’ करून, म्हणजे त्याची तयार फाइल करून तिथेच लावून ठेवा. मूळ क्लिपा मात्र काढून टाकू नका. मग सगळ्यात जड दोन मिनिटं आधी एक्स्पोर्ट करून बघा. अडायचं असेल तर बहुधा तिथेच अडेल.

आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. ढोल-ताशाच्या वेळी मीटर लाल होऊ देऊ नका. −६ डेसिबलच्या खाली राहिलेलं बरं. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

कुठे दाखवायचं ते आधी सांगा. यूट्यूबसाठी १०८० (१९२० बाय १०८० पिक्सेल) मध्ये २५ फ्रेमला ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) हा यूट्यूबनेच सुचवलेला आकडा आहे. जपून ठेवायची मास्टर कॉपी प्रोरेस ४२२ या जड, उत्तम दर्जाच्या फॉरमॅटमध्ये काढायची असेल, तर त्याच मापात तासाला साधारण ५५ जीबी जागा लागते, त्या हिशोबाने हार्ड डिस्क आणा. मंडळाच्या स्टेजवरची एलईडी वॉल १९२० बाय १०८० असेलच असं नाही, ऑपरेटरकडून पिक्सेलमधलं माप लिहून घ्या. पेन ड्राइव्ह फॅट-३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात जातच नाही. एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करून आणा, पण ज्या टीव्हीवर लावायचा तो ते वाचतो का हे आधी पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जातं.

फायनल फाइल घेताना सुरुवात, मधला कुठलाही भाग आणि शेवट आमच्यासमोर चालवून बघा. घरी गेल्यावर ती पूर्ण पाहून होईपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करू नका.