हूक की ल्युवेन्हॉक? पेशीच्या शोधातली नेहमीची गल्लत

‘पेशीचा शोध कोणी लावला?’ या प्रश्नाला रॉबर्ट हूक असं लिहिलं की गुण मिळतात. लगेच पुढे ‘जिवंत पेशी प्रथम कोणी पाहिली?’ असं विचारलं की उत्तर येतं आंतोन व्हॅन ल्युवेन्हॉक, आणि मुलं गोंधळतात. ठाण्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवताना ही गल्लत मला दरवर्षी दिसते. उत्तरं दोन्ही बरोबर आहेत. पण दोघांनी पाहिलं काय, हे नुसती नावं पाठ करून कळत नाही.

हूक लंडनच्या रॉयल सोसायटीत, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संस्थेत, प्रयोग करून दाखवायचा. बुचाचा अगदी पातळ काप काढून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काप पांढरट, म्हणून खाली काळी पट्टी घेतली. एकमेकांना चिकटलेले रिकामे कप्पे दिसले. १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात त्याने त्यांना ‘सेल’ म्हटलं, आणि एका घन इंचात असे सुमारे सव्वाशे कोटी कप्पे मावतील असा हिशेबही मांडला. मात्र बुचातल्या पेशी मेलेल्या असतात. त्यांच्या भिंतींत पाणी न झिरपू देणारं सुबेरिन साठतं, आतला जिवंत भाग नाहीसा होतो, उरते फक्त पेशीभित्तिका. हूकने ताज्या वनस्पतींचेही काप तपासले होते आणि तिथले कप्पे रसाने भरलेले असतात हे नोंदवलं होतं. पण सगळा जीव त्या रसातच आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

ल्युवेन्हॉक हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापड व्यापारी. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, डचखेरीज दुसरी भाषा न येणारा. त्याचा सूक्ष्मदर्शक म्हणजे धातूच्या पट्टीत बसवलेलं एकच इवलंसं भिंग, तेही स्वतः घडवलेलं. त्याच्या आज शिल्लक असलेल्या भिंगांपैकी एक तर सुमारे २६६ पट मोठं दाखवतं. १६७४ मध्ये त्याने तळ्याचं पाणी पाहिलं आणि त्यात हिंडणारे सूक्ष्म जीव दिसल्याचं रॉयल सोसायटीला कळवलं. १६७६ च्या लांबलचक पत्रात त्याहून बारीक जीवांचं वर्णन आलं तेव्हा सोसायटीत शंका निघाल्या. १६७७ मध्ये मिरी भिजवलेल्या पाण्यात तेच जीव सगळ्यांना दाखवून त्याचं म्हणणं खरं ठरवलं ते हूकनेच! या दोघांची नावं एकमेकांसमोर प्रतिस्पर्ध्यांसारखी मांडली जातात, तेव्हा मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

मेलेल्या आणि जिवंत पेशींमधला हा फरक स्वतः बघायचा तर ठाण्यात अवघड नाही. जुन्या सोसायट्यांच्या आवारात पांढऱ्या सुगंधी फुलांचं बुचाचं झाड असतं. त्याच्या भेगाळलेल्या सालीचा सुटलेला तुकडा घ्या, ब्लेडने जमेल तितका पातळ काप काढा. (हूकचं बूच भूमध्य समुद्राकडच्या ओकचं होतं, पण थर त्याच जातीचा.) दुसऱ्या काचपट्टीवर तलावपाळीच्या कडेच्या हिरवट पाण्याचा थेंब घ्या. आता सजीवांची लक्षणं दोन्हीकडे शोधा. सालीत वाढ, पोषण, हालचाल, काहीच सापडणार नाही. थेंबात नशीब असेल तर व्हॉर्टिसेला दिसेल. लांब दांड्यावरचा हा घंटेच्या आकाराचा जीव ल्युवेन्हॉकनेही पाहिला होता. त्याच्या तोंडाभोवतीचे रोम सतत हलत असतात आणि पाण्यातलं अन्न आत ओढतात. काचेवर हलकी टिचकी मारा: दांडा स्प्रिंगसारखा गुंडाळून जीव झटकन खाली जातो, आणि थोड्या वेळाने पुन्हा सावकाश वर येतो. पुस्तकात ‘चेतनाक्षमता’ म्हणून एका ओळीत उरकलेलं लक्षण ते हेच. वर्गात मी यासाठी एक तास मोकळा ठेवते.

तरीही आपण पेशी पाहतोय, हे ल्युवेन्हॉकला माहीत नव्हतं. त्याच्या लेखी ते चिमुकले प्राणी होते, कदाचित आत अवयव वगैरे असलेले. इकडे हूकचे कप्पे वनस्पतिशास्त्रात, तिकडे हे प्राणी प्राणिशास्त्रात, असं दीडशेहून अधिक वर्षं चाललं. १८३८ मध्ये श्लायडेन या जर्मन शास्त्रज्ञाने वनस्पती आणि १८३९ मध्ये त्याच्याच देशातल्या श्वानने प्राणी पेशींचेच बनलेले असतात असं मांडलं. पाण्याच्या थेंबातला तो अख्खा जीव म्हणजे एकच पेशी, हे मात्र फॉन सीबोल्ड या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८४५ मध्ये स्पष्ट केलं.