टेपुईच्या माथ्यावर ‘डायनासोरकाळचे जग’ नाही

व्हेनेझुएलातल्या टेपुई, म्हणजे उभ्या कड्यांच्या सपाट माथ्याच्या पर्वतांबद्दल एक समजूत शंभर वर्षांहून जास्त काळ चालत आली आहे. तिच्यानुसार माथ्यावरचे जीव डायनासोरांच्या काळापासून खालच्या जगापासून तुटलेले आहेत. 1912च्या एका इंग्रजी कादंबरीने ती घरोघरी नेली, आजही प्रवासी कंपन्या तीच विकतात.

तिच्यात खरे आहे ते खडकाचे वय. हा वालुकाश्म 170 कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. पण खडक जुना म्हणून त्यावरचा बेडूकही तितकाच जुना, हे कुठले तर्कशास्त्र? 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत वेगवेगळ्या टेपुईंवरच्या अनेक बेडकांमधला फरक अगदी थोडा आढळला. म्हणजे पर्वत सुटे झाल्यानंतर फार उशिरापर्यंत त्यांची ये-जा चालू होती. हिमयुगांत हवा गार झाली, की डोंगरावरच्या वनस्पती खाली सरकत आणि वाटा जुळत.

माथे बंदिस्त नाहीत, याचा पुरावा तर पायाखालीच आहे. रोराईमा या टेपुईवर 1884मध्ये एव्हरार्ड इम टर्न आणि हॅरी पर्किन्स हे ब्रिटिश शोधप्रवासी एका नैसर्गिक उतारवाटेने चढले. आज पर्यटक त्याच बाजूने चढतात आणि त्यांची घाण माथ्यावरच्या पाण्यात जाते. हे पर्वत नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहेत. तिथल्या कित्येक वनस्पती आणि बेडूक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. संरक्षणाला एवढे कारण पुरेसे आहे, डायनासोर कशाला हवेत?